माहिती शिळी झाली की हात पोळतो



घरातला मिक्सर बंद पडतो. मोबाईलचा चार्जर गरम होऊन वास मारतो. टीव्हीत आवाज येतो, पण चित्र नसते. अशा वेळी आपण वस्तू पिशवीत घालून बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेतो. तिथला विशी-बाविशीचा मुलगा वस्तू उघडतो, आत पाहतो आणि मोबाईलवर काहीतरी शोधू लागतो. आपल्याला वाटते, हा काम सोडून मोबाईल काय पाहत बसला? पण बहुतेक वेळा तो आतल्या एखाद्या सुट्या भागाची माहिती शोधत असतो. हा भाग किती व्होल्ट सोसतो, त्याचा कोणता पाय कुठे जोडायचा, तो मिळाला नाही तर बदली काय चालेल, हे सगळे कोणालाच पाठ नसते. पूर्वी त्यासाठी जाडजूड डेटा बुक असे. आता त्या जागी संकेतस्थळे आली आहेत.

पण ती माहिती तिथे कोण लिहितो? लिहून झाल्यावर ती बरोबर राहिली आहे की नाही, हे कोण पाहतो? हा प्रश्न फक्त इंजिनिअरांचा नाही. ज्या घरातला मुलगा आयटीआयला जातो किंवा दुकानात हात काळे करतो, त्या प्रत्येक घराचा आहे.

आपल्या नंदुरबारचेच पाहा. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. देशातला पहिला मोबाईल कॉल झाला तो त्याच्या तीनच वर्षे आधी, ३१ जुलै १९९५ रोजी. त्या काळी नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूरच्या कारागिरापुढे रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि पिक्चर ट्यूबचे टीव्ही येत. पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिले गेले, आणि बोटांचे ठसे घेणारे यंत्र खेड्यातल्या माणसासमोर आले. आज पिक्चर ट्यूबचा टीव्ही दुकानात क्वचितच येतो. येतात ते एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर आणि मोबाईल. ज्याने पोटासाठी पिक्चर ट्यूबची विद्या शिकली, त्याला पुन्हा शिकावे लागले. माणूस पुन्हा शिकतो. पुस्तक किंवा संकेतस्थळ आपणहून शिकत नाही. त्याला कोणीतरी शिकवावे लागते.

एका आकड्याची गोष्ट

ट्रान्झिस्टर हा शेंगदाण्याएवढा भाग. त्याला तीन पाय असतात: एमिटर, बेस आणि कलेक्टर. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर दुकानात नेहमी मिळणाऱ्या 'बीसी ५४७' मध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. '२एन ३९०४' मध्ये तो उलटा, म्हणजे एमिटर, बेस, कलेक्टर असा असतो.

खरा घोटाळा पुढे आहे. 'पीएन २२२२' आणि 'पी२एन २२२२' असे दोन ट्रान्झिस्टर आहेत. नावात फरक एका आकड्याचा. काम जवळजवळ सारखे. पण पायांचा क्रम एकमेकांच्या उलट! ज्या पानावर दोन्हींसाठी एकच चित्र दिले आहे, ते पान मुलाला फसवते. तो नेमके जोडतो, तरी सर्किट मेल्यासारखे पडून राहते किंवा अर्धवट चालते. मुलगा म्हणतो, मलाच जमत नाही. वस्ताद म्हणतो, तुझे लक्ष नाही. चूक मात्र चित्राची असते. किती पोरांनी अशा वेळी स्वतःला कमी समजून हा धंदा सोडला असेल, कोण सांगणार?

म्हणून वाकबगार कारागीर चित्रावर विसंबत नाही. तो मल्टिमीटर लावून पाय ओळखतो आणि बनवणाऱ्या कंपनीचा त्याच नंबरचा कागद पाहतो.

काय टिकते, काय नासते

सगळीच माहिती शिळी होत नाही. ओहमने आपला नियम १८२७ साली प्रसिद्ध केला. व्होल्ट, अँपिअर आणि रोध यांचा तो हिशेब आजही तसाच आहे. रेझिस्टरवरच्या पट्ट्यांचे रंगही तेच आहेत: काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, राखाडी ८, पांढरा ९. हे एकदा पाठ केले की जन्मभर पुरते.

पण काही माहिती दुधासारखी नासते. डाखाचेच घ्या. जुन्या डाखात ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असे. तो १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. शिसे शरीराला घातक म्हणून युरोपने १ जुलै २००६ पासून नव्या उपकरणांत त्यावर निर्बंध घातले आणि जगभरच्या कारखान्यांना डाख बदलावा लागला. नेहमीचा बिनशिशाचा डाख सुमारे २१७ अंशांना वितळतो. जुने पान वाचून शिकलेला मुलगा नव्या बोर्डावर कमी तापलेली इस्त्री धरतो. डाख वितळत नाही, म्हणून तो ती बराच वेळ दाबून धरतो, आणि बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडून येते. गिऱ्हाईकाचा बोर्ड गेला, भरपाई गरिबाच्या खिशातून. (आयांनो, जुना डाख अजून वापरात आहे. मुलगा डाख लावून आला असेल, तर भाकरीला हात लावण्याआधी त्याला साबणाने हात धुवायला लावा.)

तारांच्या रंगाची गोष्ट तर जिवाशी खेळणारी आहे. आपल्याकडच्या घरातल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ असते. उपकरणाच्या लवचीक वायरमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थ. ब्रिटनने तर घराच्या पक्क्या वायरिंगचे रंगही २००४ पासून बदलून तपकिरी आणि निळे केले. आता समजा, एखाद्याने परदेशी पानावर वाचले की निळी म्हणजे न्यूट्रल, आणि तेवढ्या भरवशावर त्याने पिठाच्या गिरणीचा किंवा शेतातल्या पंपाचा थ्री-फेज बोर्ड उघडला. तिथे आपल्याकडे लाल, पिवळी आणि निळी अशा तिन्ही तारा फेजच्या असतात! निळी तार न्यूट्रल समजून धरणारा हात परत येईलच असे नाही. पानावर लिहिलेले खोटे नव्हते. ते कोणत्या देशाचे आणि कोणत्या सालचे, एवढे लिहायचे राहिले होते. म्हणून मेन स्विच बंद केल्याशिवाय आणि टेस्टर लावल्याशिवाय कोणत्याही रंगावर विश्वास ठेवू नये.

वाईचे उदाहरण

संदर्भ सांभाळणे किती अवघड असते, हे मराठीत पाहायचे तर सातारा जिल्ह्यातल्या वाईला जावे लागेल. तिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. पहिला खंड १९७६ साली निघाला. एकूण वीस खंडांची ही योजना पुरी व्हायला काही दशके लागली.

नोंदी अकारविल्हे छापल्या गेल्या. त्यामुळे गंमत अशी झाली की माहितीचे वय अक्षरावर ठरले. सेमीकंडक्टरला विश्वकोशाचा शब्द 'अर्धसंवाहक'. तो 'अ' मध्ये आला, म्हणून सुरुवातीच्या खंडात गेला. संगणकाच्या आतली चिप १९७१ मध्ये नुकती बाजारात आली होती, तो हा काळ. पुढच्या अक्षरांचे खंड निघेपर्यंत इलेक्ट्रॉनिक्सचे जग पार बदलले. यात संपादकांचा दोष नाही. छापलेले पान परत मागवता येत नाही.

२०११ साली विश्वकोश संकेतस्थळावर आला आणि वाईचा ग्रंथ नंदुरबारच्या मुलाला फुकट वाचता येऊ लागला. पुढे विषयवार ज्ञानमंडळे नेमून नव्या नोंदी लिहिण्याचे आणि जुन्या अद्ययावत करण्याचे काम सुरू झाले. ही मोठी सोय आहे. पण एक अडचण ध्यानात घ्या. ग्रंथात 'धारित्र' असते, दुकानात 'कंडेन्सर'. ग्रंथात 'रोधक' असतो, दुकानात 'रेझिस्टर'. मुलगा दुकानातला शब्द घालून शोधतो, ग्रंथातला शब्द हाती लागत नाही, आणि मराठीत काही नाहीच असे समजून तो परततो. दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिणे हेही संदर्भ सांभाळण्याचेच काम आहे.

चूक दाखवणाऱ्याचे नाव

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅम टेक्निकल कॉलेज आहे. आपल्या आयटीआयसारखे हाताचे काम शिकवणारे. तिथले शिक्षक टोनी कुफाल्ट यांनी 'लेसन्स इन इलेक्ट्रिक सर्किट्स' नावाचे सहा भागांचे पुस्तक लिहिले आणि इंटरनेटवर फुकट ठेवले. पाचवा भाग निव्वळ संदर्भाचा, म्हणजे सूत्रे आणि तक्ते यांचा. कोणीही त्याची नक्कल करावी, त्यात सुधारणा करावी, पुढे वाटावे. अट एवढीच की सुधारलेले पुस्तकही तसेच खुले ठेवायचे.

त्यातली मला भावलेली गोष्ट वेगळी आहे. पुस्तकाच्या मागे ज्यांनी मदत केली त्यांची यादी आहे, आणि त्यात छपाईची लहानशी चूक दाखवणाऱ्यांचीही नावे आहेत. चूक दाखवली म्हणून कोणी रागावले नाही. नाव लिहून घेतले. शिकणाऱ्याला असा मान मिळाला, तर तो पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवून वाचतो.

पान सांभाळणे म्हणजे काय

संकेतस्थळ एकदा बांधले की झाले, असे नाही. घरासारखेच आहे, दर पावसाळ्याआधी कौले पाहावी लागतात.

कंपन्या विकल्या जातात, नावे बदलतात. फिलिप्सचा चिप बनवणारा विभाग २००६ मध्ये एनएक्सपी झाला. नॅशनल सेमीकंडक्टर २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली. फेअरचाइल्ड २०१६ मध्ये ऑन सेमीकंडक्टरकडे गेली. प्रत्येक वेळी माहितीचे जुने पत्ते बदलण्याची पाळी येते. २००९ मध्ये जिओसिटीज बंद झाले, तेव्हा हौशी लोकांनी फुकटात लिहिलेली असंख्य पाने बंद पडली. ३१ डिसेंबर २०२० नंतर फ्लॅश बंद झाले आणि त्यावर बनवलेली हलती चित्रे थांबली. युनिकोडच्या आधी निरनिराळ्या फाँटांत टंकलेली मराठी पाने आज उघडली, तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. लिहिणाऱ्याची मेहनत खरी होती. मागून सांभाळणारा हात नव्हता.

म्हणून सांभाळणाऱ्याची कामे साधी पण न संपणारी आहेत: प्रत्येक पानावर तपासल्याची तारीख टाकणे, मेलेले पत्ते बदलणे, जुना भाग बाजारातून गेला असेल तर तसे लिहून बदली सुचवणे, चूक सुधारली तर काय सुधारले ते न लपवणे. यासाठी मोठी पदवी लागत नाही. चिकाटी आणि खरेपणा लागतो.

आपल्या घरी काय करावे

आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दहावीनंतरचा दोन वर्षांचा कोर्स आहे. त्याचा अभ्यासक्रम केंद्र सरकारच्या 'भारत स्किल्स' या संकेतस्थळावर पाहता येतो. मुलगी असो की मुलगा, शिकत असेल तर तिला किंवा त्याला एक शंभर पानी वही घेऊन द्या. भागाचा नंबर, पायांचा क्रम, कुठे वाचले, स्वतः मीटर लावून पाहिले का, आणि तारीख, एवढे रोज लिहायचे. पानावरचे आणि मीटरवरचे जुळले नाही, तर ती चूक त्या संकेतस्थळाच्या चालकांना कळवायची. मराठी मोडकी असली तरी चालेल. घरात अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्यालाही बीसी ५४७ चे पाय तितकेच बरोबर मोजता येतात.

विहारातल्या वाचनालयात महिन्यातून एक रविवार चार-पाच मुले आपापल्या वह्या घेऊन बसली आणि एकमेकांची नोंद तपासली, तर वर्षभरात खात्रीचा एक मराठी संदर्भ तयार होईल. दुकानातला शब्द आणि ग्रंथातला शब्द दोन्ही त्यात असतील. पुढच्या वर्षी नवी मुले त्यावर नवी तारीख टाकतील.

आपण आजवर दुसऱ्याने लिहिलेले वाचत आलो. आता आपल्या मुलांनी वाचताना तपासावे, आणि जिथे चुकले असेल तिथे न घाबरता बोट ठेवावे. मुलाने असे बोट ठेवले, तर घरात त्याला गप्प बसवू नका. त्याने लिहिलेली एक बरोबर ओळ कुठल्यातरी अनोळखी पोराचा हात वाचवणार आहे.