टिचकी मारल्यावर प्रोग्रॅमला कसे कळते?

पडद्यावरच्या ज्या खिडकीवर माउसची टिचकी पडते, नेमकी तीच प्रतिसाद देते. टिचकीची खबर आधी विंडोज या कार्यप्रणालीला लागते. पण त्यावर काय करायचे, हे प्रोग्रॅमलाच ठाऊक असते. ही सांधेजोड ‘कॉलबॅक’ करतो.

खिडकी उघडण्यापूर्वी प्रोग्रॅम ‘डब्ल्यूएनडीक्लास’ नावाचा ठरावीक रकान्यांचा तक्ता, म्हणजे स्ट्रक्चर, भरतो आणि विंडोजकडे नोंदवतो. त्यात आयकॉन, कर्सर, पार्श्वभूमीचा रंग असतो आणि एका रकान्यात कॉलबॅकचा, म्हणजे संदेश हाताळणाऱ्या फंक्शनचा, मेमरीतील पत्ता. सोसायटीच्या रखवालदाराकडे फोन नंबर नोंदवून ठेवावा, तसाच हा प्रकार. पुढे टिचकीचा संदेश खिडकीकडे धाडताना विंडोज तो पत्ता काढून फंक्शनला हाक मारते. कोणती खिडकी, कोणता संदेश, हेही कळवते.

रकान्यांचा क्रम आणि आकार मात्र तंतोतंत जुळावा लागतो. नाहीतर विंडोज भलत्याच आकड्याला पत्ता समजते आणि प्रोग्रॅम कोसळतो. पत्ता शेवटपर्यंत वैध राहणेही आवश्यक असते. सी-शार्पसारख्या भाषांत बिनवापराची मेमरी आपोआप साफ होते. विंडोजकडे दिलेला पत्ता या सफाईयंत्रणेला दिसत नाही. म्हणून कॉलबॅकचा संदर्भ प्रोग्रॅमने स्वतःकडे धरून ठेवावा लागतो.