विश्लेषण : बॅटरीत ‘द्रवरूप मीठ’ कशासाठी?

मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका ई-स्कूटरने पेट घेतला आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. अशा आगीत लिथियम पेटते, असा समज असतो. प्रत्यक्षात आगीला मोठे इंधन मिळते ते सेलमधल्या द्रवातून, म्हणजे इलेक्ट्रोलाइटमधून. बॅटरीची क्षमता वाढवायची म्हटली तरी हाच द्रव आडवा येतो. म्हणून त्याला पर्याय म्हणून ‘आयनिक लिक्विड’वर संशोधन सुरू आहे.

सध्याच्या द्रवाची अडचण काय?

बहुतेक लिथियम-आयन सेलमध्ये लिथियमचा क्षार कार्बोनेट वर्गातील द्रावकांत विरघळवलेला असतो. त्यातल्या डायमिथिल कार्बोनेटची वाफ साधारण १८ अंश सेल्सिअसलाही ठिणगीने पेटू शकते. आपल्याकडे एवढे तापमान हिवाळ्यातही असते!

दुसरा मुद्दा व्होल्टेजचा. बॅटरीतील ऊर्जा म्हणजे विद्युतभार गुणिले व्होल्टेज. निकेल-मँगनीज-कोबाल्ट सेल साधारण ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज होतो. लिथियम-निकेल-मँगनीज ऑक्साइडचा कॅथोड ४.७ व्होल्टच्या आसपास चालतो, शिवाय त्यात महाग कोबाल्ट लागत नाही. तरी तो सर्रास वापरात नाही. कारण साधारण ४.३ ते ४.५ व्होल्टच्या पुढे कार्बोनेटचे ऑक्सिडीकरण होऊ लागते, वायू तयार होतो, सेल फुगतो आणि क्षमता घटते.

मीठ द्रवरूप कसे?

खायचे मीठ वितळायला ८०१ अंश लागतात, कारण त्याचे छोटे, गोल आयन एकमेकांना घट्ट धरून असतात. आयन मोठे आणि वेडेवाकडे असले की त्यांची नीट रचना होत नाही, आणि क्षार खोलीच्या तापमानालाही द्रव राहतो. पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्येच १२ अंशांना वितळणारा असा क्षार नोंदवला होता. बॅटरीसाठी पायरोलिडिनियम वर्गातील क्षार जास्त अभ्यासले जातात. त्यात वेगळा द्रावक नसल्याने वाफ जवळपास होत नाही, ते सहज पेटत नाहीत आणि त्यातले काही ५ व्होल्टच्या आसपासही तग धरतात.

मग अडते कुठे?

दाटपणात. हा द्रव गोडेतेलासारखा दाट, आणि लिथियमचा क्षार मिसळला की आणखी दाट होतो. आयनांची ये-जा मंदावते, म्हणजे फास्ट चार्जिंगची पंचाईत. थंडीत अवस्था आणखी बिकट. किंमतही कार्बोनेटपेक्षा बरीच जास्त. तो पातळ करण्यासाठी फ्लोरिनयुक्त इथर मिसळता येते. पण मग वाफ न होण्याचा फायदा काहीसा हातचा जातो.

जर्मनीतील उल्मच्या हेल्महोल्ट्झ संस्थेतील गटाने २०२१ मध्ये निकेलबहुल कॅथोड, लिथियम धातूचा अॅनोड आणि आयनिक लिक्विड वापरून १,००० चक्रांनंतर ८८ टक्के क्षमता टिकवली. हा कॅथोड ४.७ व्होल्टचा नव्हे. आणि त्यांचा किलोमागे ५६० वॉट-तासांचा आकडा फक्त सक्रिय पदार्थांच्या वजनावर काढलेला आहे. त्याची तुलना गाडीच्या जाहिरातीतील अख्ख्या बॅटरी पॅकशी करू नये.

द्रव पेटला नाही म्हणून सेल पेटणारच नाही, असेही नाही. निकेलबहुल कॅथोड फार तापला की स्वतःच ऑक्सिजन सोडतो.