घड्याळाची बॅटरी आणि उजनीचा उणे साठा

इंदापूरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे : नवं स्मार्टवॉच घेतलं, खोक्यावर ‘बॅटरी १० दिवस’ असं ठळक छापलंय, पण चौथ्या दिवशी संध्याकाळीच ते चार्जिंग मागतं. घड्याळ सदोष निघालं, की कंपनी खोटं बोलते? (घड्याळ म्हणजे मनगटावरचं, एवढं बारामती-इंदापूरच्या वाचकांसाठी आधीच स्पष्ट केलेलं बरं.)

बहुधा दोन्ही नाही. कंपनीने १० दिवस खरोखरच मोजले असणार. फक्त ते दिवस तुमचे नव्हते.

बॅटरीवरचा ‘३०० एमएएच’ हा आकडा म्हणजे साठा. साठा किती दिवस पुरेल हे एकट्या साठ्यावर ठरत नाही, हे उजनीच्या काठावर राहणाऱ्यांना सांगायची गरज नाही. धरण शंभर टक्के भरलं तरी आवर्तनं किती मिळणार, हे खाली ऊस किती उभा आहे यावर ठरतं. उजनीकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला जवळपास ६४ टीएमसी हा मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती वरच्या साडेत्रेपन्न टीएमसीची. म्हणून धरण ‘शून्य टक्के’ झालं तरी निम्म्याहून अधिक पाणी आतच असतं आणि वाईट उन्हाळ्यात उजनी ‘उणे’मध्ये गेल्याच्या बातम्या येतात. २०२४ मध्ये तर ती उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती.

घड्याळाची टक्केवारीही अशीच वरच्या साठ्याची असते. पडद्यावर शून्य दिसतं तेव्हाही बॅटरीत साधारण तीन व्होल्टांचा दाब शिल्लक असतो. त्याखाली ती उपसली, तर आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि बॅटरी कायमची बिघडते. म्हणून एक चिमुकलं सर्किट वेळीच दरवाजे बंद करतं. उजनीच्या मृतसाठ्यावर पंप टाकता येतात. इथे तशी सोय नाही, आणि नाही तेच बरं.

आता खाली ऊस किती उभा आहे ते पाहू. जुन्या क्वार्ट्झ घड्याळात बसणारा ६२६ नंबरचा सेल सगळ्यांनी पाहिला असेल, शर्टाच्या बटणाएवढा. त्याची क्षमता साधारण २८ एमएएच, दाब १.५५ व्होल्ट. गुणाकार केला की ऊर्जा येते सुमारे ४३ मिलिवॉट-तास. एवढ्यावर ते घड्याळ दोन वर्षं चालतं. म्हणजे त्याची भूक अडीच मायक्रोवॉटच्या आसपास. स्मार्टवॉचच्या बॅटरीत ३०० एमएएच गुणिले ३.८५ व्होल्ट, म्हणजे ११५५ मिलिवॉट-तास, बटणसेलच्या सत्तावीसपट. ती आठवडाभर पुरली, तर भूक झाली जवळपास सात मिलिवॉट. साठा सत्तावीसपट, पण खर्च पावणेतीन हजार पट! हिशेब उलटा केला तर आणखी मजा येते. तुमच्या मनगटावरच्या बॅटरीतल्या ऊर्जेवर साधं क्वार्ट्झ घड्याळ पन्नास वर्षांहून अधिक चाललं असतं. बॅटरी स्वतःच तोवर म्हातारी होऊन मेली असती, ते सोडा.

तेव्हा वेळ दाखवणं हे काम जवळपास फुकटात होतं. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो; ही संख्या म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मे करत गेलं की नेमका एक ठोका उरतो. १९६९ च्या नाताळात जपानच्या सेइकोने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं, तेव्हापासून मोजण्याचा खर्च हा प्रश्नच राहिला नाही. महाग पडतो तो प्रकाश.

याचा पहिला धडा १९७२ मध्ये मिळाला. अमेरिकेच्या हॅमिल्टन कंपनीने ‘पल्सर’ नावाचं डिजिटल घड्याळ काढलं : अठरा कॅरेट सोनं, किंमत २,१०० डॉलर आणि लाल एलईडीचे आकडे. पण त्याचा चेहरा कायम काळा! वेळ पाहायची तर दुसऱ्या हाताने बटण दाबायचं, मग क्षणभर आकडे उजळायचे. एलईडी सतत पेटते ठेवले असते तर सेल बघता बघता संपले असते. पुढच्याच वर्षी ‘लिव्ह अँड लेट डाय’मध्ये रॉजर मूरचा बाँड हेच बटण दाबून वेळ बघताना दिसला आणि तांत्रिक अडचणीची ऐट झाली. आज मनगट वळवलं की पडदा पेटतो, त्याला कंपन्या नवी सोय म्हणतात. दुखणं तेच आहे, फक्त बटणाच्या जागी हालचाल ओळखणारं सेन्सर आलं. ज्यांनी हे दुखणं मुळातून टाळलं त्यांनी एलसीडी वापरला. तो स्वतः उजळत नाही, बाहेरचाच प्रकाश परतवतो. १९८९ चं कॅसिओचं ‘एफ-९१डब्ल्यू’ एका सेलवर सात वर्षं चालतं ते याच जोरावर.

खोक्यावरचे दिवस मोजतात कसे? अ‍ॅपलने २०१५ मध्ये पहिलं घड्याळ आणताना ‘१८ तास’ असं सांगितलं होतं आणि बारीक अक्षरांत हिशेबही दिला होता : ९० वेळा वेळ पाहणं, ९० नोटिफिकेशन, ४५ मिनिटं अ‍ॅपचा वापर आणि ब्लूटूथवर गाणी ऐकत ३० मिनिटं व्यायाम. नव्वद नोटिफिकेशन! भावकीचा ग्रुप, शाळेच्या वर्गाचा ग्रुप, दूध डेअरीचा ग्रुप आणि ऊसतोडीचा ग्रुप असलेल्या माणसाकडे नव्वद मेसेज सकाळची धार काढेपर्यंतच येतात. त्यातल्या प्रत्येकाला घड्याळ थरथरतं आणि पडदा पेटतो. तरी अ‍ॅपलने निदान हिशेब मांडला. आपल्या बाजारातल्या अनेक स्वस्त घड्याळांच्या खोक्यावर ‘१० दिवस’ असतं आणि पाठीमागे, भिंग लागेल अशा अक्षरांत, ‘ब्लूटूथ कॉलिंग चालू असल्यास दोन दिवस’.

खर्चाची उतरंड लक्षात ठेवायला सोपी आहे. सर्वांत स्वस्त म्हणजे पावलं मोजणं. त्यासाठीच्या सेन्सरला काही मायक्रोअँपिअर पुरतात. त्यानंतर हृदयाचे ठोके : घड्याळाखालचे हिरवे दिवे त्वचेवर चमकतात आणि परतलेला प्रकाश मोजला जातो. दर दहा मिनिटांनी मोजा म्हटलं तर खर्च किरकोळ, सतत मोजा म्हटलं तर जाणवण्याइतका. रात्रभर रक्तातला ऑक्सिजन मोजणं त्याहून जड. मग कायम उजळ पडदा. सगळ्यांत वरती जीपीएस आणि फोनवरचं बोलणं. तिथे बॅटरी दिवसांत नव्हे, तासांत मोजायची.

तुकोबांच्या पालखीबरोबर बारामतीहून इंदापूरकडे चालणाऱ्यांना हे उपयोगी पडेल. काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण किंवा बेलवडीचं गोल रिंगण बघत दिवसभर जीपीएस चालू ठेवून वाट नोंदवत गेलात, तर वीस हजार किलोमीटर वरून येणारे उपग्रहांचे क्षीण संदेश घड्याळ अखंड ऐकत आणि गणित सोडवत राहतं. मुक्कामी पोचेपर्यंत ते थकणारच. नुसती पावलं मोजायला लावलीत तर पुढच्या मुक्कामांचीही काळजी नाही. वाट तर शेकडो वर्षं ठरलेली आहे. ती उपग्रहाला विचारायची गरज काय?

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे वळतो. लिथियमच्या बॅटरीची कहाणी सहसा मोबाइल आणि मोटारींपासून सांगतात. पण पुन्हा चार्ज होणारी लिथियम बॅटरी सुरुवातीलाच चढली ती घड्याळात, आणि तेही उन्हावर चालणाऱ्या! १९७० च्या दशकात तेलटंचाईने हादरलेल्या एक्सॉन या तेल कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियमचे आयन आत-बाहेर करणारी बॅटरी बनवली. धातूरूप लिथियममुळे प्रयोगशाळेत इतक्यांदा आग लागली, की विझवायला लागणाऱ्या खास रसायनांचा खर्च तुमच्याकडून वसूल करू, अशी तंबी अग्निशमन दलाने दिली. पुढे लिथियममध्ये अ‍ॅल्युमिनियम मिसळून ते सौम्य केलं गेलं आणि १९७६ मध्ये बॅटरी जगापुढे आली. एका स्विस घड्याळ कंपनीला सौरऊर्जेवरच्या घड्याळांसाठी ती हवी होती. तिच्यासाठी एक्सॉनने थोडं उत्पादनही केलं. मग तेल स्वस्त झालं आणि तेल कंपनीचा बॅटरीतला रस आटला.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या गटाने कोबाल्ट ऑक्साइड वापरून दाब चार व्होल्टांवर नेला; त्या शोधनिबंधावर पहिलं नाव होतं कोइची मिझुशिमा यांचं. जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये धातूरूप लिथियमला रजा देऊन पेट्रोलियम कोक आणला. १९९१ मध्ये सोनीने बॅटरी बाजारात उतरवली. २०१९ चं नोबेल व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना मिळालं.

पण तुमच्या घड्याळाच्या बॅटरीचं ऋण टोक उघडून पाहिलं (पाहू नका!) तर तिथे कोक सापडणार नाही, ग्रॅफाइट सापडेल. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट लिथियमला थरांमध्ये सामावून घेतं आणि सोडतं, हे विजेच्या वाटेने दाखवलं मोरोक्कोत जन्मलेल्या रशीद याझामी यांनी, फ्रान्समध्ये ग्रेनोबलला. आणि बेल प्रयोगशाळेतल्या समर बसू यांना लिथियम-ग्रॅफाइट बॅटरीची पेटंट मिळाली १९८१ आणि १९८३ मध्ये. दुसरं तर नेहमीच्या तापमानाला चालणाऱ्या बॅटरीचंच. याझामींना २०१४ चं ड्रेपर पारितोषिक तरी मिळालं. बसूंचं नाव आपल्या किती पाठ्यपुस्तकांत आहे? नोबेलच्या एका विषयात तिघांपेक्षा जास्त नावं बसत नाहीत, हे मान्य. आपल्या स्मरणाला तसा कुठलाच नियम नाही. मग आपण का विसरावं?

उन्हावरच्या घड्याळाची ती कल्पना आता परत आली आहे आणि इथे इंदापूरकरांचं पारडं जड आहे. गार्मिनच्या ‘इन्स्टिंक्ट २ सोलर’साठी कंपनीचा दावा आहे, की रोज तीन तास ५० हजार लक्स उजेडात राहिलात तर साध्या वापरात चार्जिंग लागणारच नाही. कचेरीत साधारण पाचशे लक्स उजेड असतो, त्यामुळे पुण्यातल्या संगणकापुढे बसणाऱ्याला हा दावा निरुपयोगी. भर उन्हात मात्र एक लाख लक्स पडतात. उसाला पाणी देणाऱ्या किंवा डाळिंबाची छाटणी करणाऱ्या माणसाला ही अट म्हणजे सकाळचं रोजचं काम.

पण ऊन देतं तसं घेतंही. उन्हात पडदा वाचता यावा म्हणून घड्याळ आपोआप उजेड वाढवतं आणि साठा भराभर उतरतो. त्याहून वाईट म्हणजे उष्णता. लिथियम बॅटरी साधारणपणे ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावी असं सांगतात. एप्रिल-मेमध्ये इथे सावलीतला पारा चाळिशी गाठतो. ट्रॅक्टरच्या किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर तो कुठे जात असेल? उष्णतेने बॅटरीच्या आत नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात आणि धरणात गाळ साचावा तशी साठ्याची जागा कमी होत जाते. हा गाळ काढता येत नाही. म्हणून चार्जिंग रात्री किंवा पहाटे गारव्यात करावं. बरेच दिवस ठेवून द्यायचं तर अर्धं भरून ठेवावं.

गाळाशिवाय वापराची झीजही असतेच. पाचशेच्या आसपास पूर्ण चार्जिंगनंतर बऱ्याच बॅटऱ्यांची क्षमता ८० टक्क्यांवर येते. रोज चार्ज करावं लागणारं घड्याळ तिथे दीड वर्षात पोचतं. आठवड्याला एकदा चार्ज होणाऱ्याला पाचशे फेऱ्यांना नऊ-दहा वर्षं लागतील. त्याआधी वय आणि ऊनच त्याला गाठतं. जास्त दिवस चालणाऱ्या घड्याळाचा हा फायदा खोक्यावर कुणी छापत नाही.

मग ‘क्रांतिकारी बॅटरी येतेय, महिनाभर चार्जिंग नको’ या बातम्यांचं काय? दरवर्षी येतात, ग्रॅफीन किंवा घन इलेक्ट्रोलाइटच्या नावाने. १९९१ पासून आजवर एक किलो लिथियम बॅटरीत मावणारी ऊर्जा तिपटीच्या आसपास वाढली. तीन दशकांतली ही वाढ वाईट नाही, पण संगणकाच्या चिपशी तुलना केली तर बैलगाडीच. घड्याळाचे वाढलेले दिवस बव्हंशी कमी खाणाऱ्या चिपमुळे आणि कमी पेटणाऱ्या पडद्यामुळे आलेत.

प्रश्नकर्त्यांनी आता एक करावं. कॉलिंग, कायम उजळ पडदा आणि रात्रीचं ऑक्सिजन मोजणं बंद करावं, ठोके दहा मिनिटांच्या अंतराने मोजायला लावावेत, पार्श्वभूमी काळी ठेवावी (अ‍ॅमोलेड पडद्यात काळा बिंदू वीज खात नाही) आणि एक पूर्ण चार्जिंग संपू द्यावं. आठ-नऊ दिवस निघाले तर घड्याळ ठणठणीत आहे. तरीही चारच निघाले, तर वॉरंटी संपायच्या आत दुकान गाठावं.

ग्राहकाला हे सगळं घरी तपासावं लागतं, ही मात्र लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. मोटारसायकलचं पुण्याच्या ‘एआरएआय’ने प्रमाणित केलेलं मायलेज रस्त्यावर मिळत नाही, हे सगळे जाणतात. पण निदान सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजल्या जातात, त्यामुळे तुलना करता येते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून स्मार्टफोन आणि टॅब्लेटवर असंच लेबल सक्तीचं केलं आहे : एका चार्जिंगवर किती तास-मिनिटं, आणि किती चार्जिंगनंतर क्षमता ८० टक्क्यांवर येते. घड्याळं त्यातूनही सुटली आहेत. आपल्याकडे फ्रिजला तारे मिळतात, पंख्याला मिळतात. लाखांनी खपणाऱ्या घड्याळांनाही एकच ठरलेली चाचणी असायला काय हरकत आहे? दिवस किती हे छापताना ते कसल्या वापराचे आहेत, हेही तेवढ्याच ठळक अक्षरांत छापायला कंपन्यांना भाग पाडायला हवं.