शिव्या बेशरमला, ताट गवत्याला

तुमसरहून कुठल्याही दिशेने निघा, धानाच्या बांध्यांमध्ये एखादी बोडी, म्हणजे लहान तळं, लागतेच, आणि बोडीच्या काठाला बहुधा फिकट जांभळ्या कर्ण्यांसारखी फुलं मिरवणारं बेशरम. मूळ उष्ण अमेरिकेतलं हे झुडूप शोभेसाठी, कुंपणासाठी माणसानेच इकडे आणलं. ढोरं त्याला तोंड लावत नाहीत, कारण पानांत स्वेन्सोनीन नावाचं विष असतं. चारा नाही म्हणून शेळ्या ते बरेच दिवस खात राहिल्या, तर मज्जासंस्था बिघडून त्यांचे पाय लटपटतात.

नुसतं छाटून ते जात नाही. पोकळ कांडी विळ्याने तोडून ओल्या गाळावर टाकली की तिच्या पेरांना मुळं फुटतात, आणि वाहून गेलेले तुकडे खालच्या तलावात जाऊन रुजतात. गाळ त्याला हवाच असतो, आणि तो आपण भरपूर पुरवला. कोहळी समाजाने बांधलेले इथले मामा (माजी मालगुजारी) तलाव १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारकडे गेले. गाळ काढण्याची गावकी मोडली आणि तलाव उथळ होत गेले.

दुसऱ्या पाहुण्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. गवत्या मासा १९५९ मध्ये हाँगकाँगहून भारतात आला. झपाट्याने वाढतो, बाजारात खपतो, म्हणून तलावांत सोडला गेला. पण तो पाणवनस्पतीच फस्त करतो. तसाच सोडलेला सायप्रिनस मासा तळ उकरून पाणी गढूळ करतो, मग उरलेल्या वनस्पतींना ऊन मिळत नाही. आपली मरळ पाणगवत बाजूला सारून वाटोळी जागा करते, तिथे तरंगणाऱ्या अंड्यांची राखण करते. गवतच नसेल तर तिने घरटं कुठे करावं?

पूर्वी तुमसरच्याच जिल्ह्यात असलेल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात पतिराम तुमसरे, त्यांचे मासेमार ढिवर सोबती आणि मनीष राजनकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी उलटा रस्ता धरला. बेशरम मुळासकट उपटायचं, तळ नांगरायचा आणि पाणी आलं की देशी पाणवनस्पती लावायच्या. ढिवरांना कुठली वनस्पती कुठल्या माशाच्या कामाची, हे तोंडपाठ असतं. मत्स्यविकासाच्या योजना आखताना त्यांना विचारायला हवं होतं, असं मला वाटतं. अशा तलावात गवत्याची बोटुकली सोडली, तर लावलेलं सगळं त्याच्याच पोटात जाणार.