सुटका आणि मुमुक्षा

मंडळी, दीर्घ आजारानंतर कुणी गेलं की आपल्याकडे सहज म्हणतात, "सुटला बिचारा." या सुटण्यालाच आपण मोक्ष समजतो का? आज एवढंच बघू.

मोक्ष, मुक्ती, मुमुक्षा हे तिन्ही शब्द 'मुच्' म्हणजे सोडणे या धातूचे. मुमुक्षा म्हणजे सुटण्याची इच्छा. शांकर वेदान्तातलं साधनचतुष्टय असं: विवेक, वैराग्य, शमदमादी सहा गुण आणि मग मुमुक्षुत्व. ते चौथं का? कारण विवेकाआधीची सुटकेची इच्छा बहुधा वैताग असते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपानं किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला, तेव्हा लातूरकडच्या कितीकांना संसार नकोसा झाला असेल. ते दुःख खरंच. पण 'दुःख सुटावं' आणि 'मीपण सुटावं' या दोन वेगळ्या मागण्या आहेत. मुमुक्षा ही दुसरी.

भक्त तर याच्याही पुढं जातो. नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे नामदेवांचं गाव. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, म्हणजे नांदेडच्या हुजूर साहिबातही त्यांच्या वाणीला मान आहे. एवढ्या अधिकाराच्या माणसानं देह ठेवताना काय मागितलं? परंपरा सांगते, पंढरीच्या महाद्वाराची पायरी. येणाऱ्या-जाणाऱ्या संतांची पायधूळ लागावी म्हणून. त्यांना सुटून लांब जायचं नव्हतं, सगळ्यांच्या पायाशी राहायचं होतं. तिथं मीपण उरतंच कुठं?

तेव्हा पुन्हा कधी "सुटलो एकदाचे" असं तोंडी आलं, तर आपण स्वतःलाच विचारू या: नेमकं काय सुटलं?