शंकररावांचा अहवाल

मिरजेहून कोल्हापूरच्या गाडीत बसले की वाटेत हातकणंगले लागते. तेथून वडगाव जवळच. गाडी तेथे थांबली की वडगावचे सुपुत्र लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात मला हटकून आठवतात.

१९०६ साली जन्मलेले थोरात सँडहर्स्टला शिकून १९२६ मध्ये अधिकारी झाले. १९४५ साली ब्रह्मदेशात कांगॉच्या तुंबळ लढाईत त्यांनी आपली पलटण लढवली व डी. एस. ओ. हा सन्मान मिळवला. १९५३ मध्ये कोरियातील बावीस हजारांवर युद्धकैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय सेनेचे ते प्रमुख होते. तेथे कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला पकडून ठेवले, तेव्हा हे स्वतः कुंपणात शिरले व त्याला सोडवून आले!

पण खरी परीक्षा पुढेच होती. १९५७ पासून ते पूर्व विभागाचे सेनापती. फौज किती, रस्ते किती, शत्रूचे बळ किती, याचा हिशेब मांडून १९५९ मध्ये त्यांनी वर कळवले, की आहे त्या बळावर ईशान्य सीमा राखता येणार नाही. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ही उगाच घातलेली भीती वाटली. मार्च १९६० मध्ये थोरातांनी ‘लाल किला’ हा युद्धसराव घेऊन तेच पुन्हा दाखवले. सीमेवर नुसत्या चौक्या ठेवाव्यात, खरा मोर्चा मागे, रसद पोचेल तेथे बांधावा, असे त्यांचे म्हणणे.

१९६१ मध्ये सरसेनापती थिमय्या यांनी आपल्या जागी थोरातांची शिफारस केली. नेमणूक झाली थापरांची. थोरात निवृत्त होऊन घरी आले. ऑक्टोबर १९६२ मध्ये चिनी फौजा उतरल्या आणि चौक्या एकामागून एक पडल्या. तेव्हा पंडित नेहरूंनी थोरातांना बोलावून, हा अहवाल मला का दाखवला नाही, असे विचारले. त्याचे उत्तर मेननच देतील, असे आपण सांगितल्याचे थोरातांनी १९८६ च्या आत्मचरित्रात नमूद केले आहे.

“सर, खरे बोलून त्यांना मिळाले काय?” एका विद्यार्थ्याने मला वर्गात विचारले होते. तेव्हा मी गडबडलो. आज सांगेन : बाबा रे, काहीच नाही. पण तो अहवाल बर्फात सुती कपड्यांनिशी उभ्या राहणाऱ्या जवानांसाठी होता. ज्यांनी तो मिटून ठेवला, त्यांना हा प्रश्न विचार.