ठरलेल्या दिवसाचा वेग

रोम ऑलिंपिक, २ सप्टेंबर १९६०. ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत विश्वविक्रमवीर रॉजर मोएन्स शेवटच्या काही मीटरवर मागे वळून पाहतो, तेवढ्यात आतल्या बाजूने काळ्या बनियनमधला एक तरुण पुढे निसटतो. न्यूझीलंडचा पीटर स्नेल, वय २१. त्याच दिवशी त्याचा साथीदार मरे हॅलबर्ग ५,००० मीटरचं सुवर्ण जिंकतो. दोघांचा गुरू एकच, बुटांच्या कारखान्यात काम केलेला ऑकलंडचा आर्थर लिडियार्ड.

दोन शिष्य एकाच दिवशी ऐन भरात कसे आले?

लिडियार्ड शर्यतीच्या तारखेपासून मागे मोजत यायचा. आधी कित्येक आठवडे नुसतं लांब पळणं, आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी स्नेल वाइटाकेरेच्या डोंगररस्त्यांवर ३५ किलोमीटर घाम गाळायचा! पण याच पळण्याने हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका वाढतात. हे सगळं सावकाश घडतं, म्हणून त्याला महिने द्यायचे. मग चढावरचा सराव, आणि ट्रॅकवरचा वेग अगदी शेवटी, कारण वेगाची धार लवकर चढते आणि फार काळ टिकत नाही. रोममध्ये तीन दिवसांत चार फेऱ्या धावूनही स्नेलच्या पायांत शेवटच्या झेपेपुरता जोर उरला, तो या पायाभरणीमुळे.

खरी गंमत शेवटच्या दोन आठवड्यांत आहे. पल्ला जवळपास निम्म्यावर आणायचा, वेग मात्र सोडायचा नाही. स्नायूंतल्या बारीकसारीक इजा भरून येतात, ग्लायकोजेनचा साठा काठोकाठ भरतो. कमावलेला दम इतक्यात ओसरत नाही, साचलेला थकवा मात्र भराभर उतरतो. धावपटू ‘भरात येतो’ तो या फरकामुळेच. अभ्यासांत याचा फायदा सरासरी दोन-तीन टक्के दिसतो. ऐकायला किरकोळ, पण चार तासांच्या मॅरेथॉनमध्ये ती पाच ते सात मिनिटं होतात.

तेव्हा जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावणार असाल, तर राहून गेलेला सराव शेवटच्या आठवड्यात भरून काढायला जाऊ नका. तेवढ्या दिवसांत दम वाढत नाही, फक्त थकवा वाढतो.